ग्रंथाचा पाठ आणि चर्चचा शब्द



बायबलवर आणि चर्चच्या शिकवणीवर भरवसा ठेवता येतो का, हा प्रश्न वरवर एकच दिसतो. पण त्याच्या पोटात तीन निराळे प्रश्न आहेत. ही पुस्तके ज्यांनी लिहिली त्यांनी लिहिले तेच आज आपल्या हाती आहे का, हा पहिला. त्यांनी लिहिले ते घडले होते का, हा दुसरा. आणि त्या लिखाणाचा अर्थ लावून ‘असे माना, असे वागा’ असे सांगणाऱ्या संस्थेचा शब्द किती धरायचा, हा तिसरा. वादात बहुतेक वेळा एका प्रश्नाचा निकाल दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतो. श्रद्धावान वक्ता हस्तलिखितांची संख्या सांगतो आणि तेवढ्यावर पुनरुत्थान सिद्ध झाल्याचे जाहीर करतो. विरोधक गॅलिलिओचे नाव घेतो आणि शुभवर्तमाने बनावट ठरवून मोकळा होतो. हे तिन्ही प्रश्न मी वेगळे ठेवणार आहे, पण त्यांना कसोटी मात्र एकच लावणार आहे. साधनात चूक आहे की नाही एवढ्यावरून त्याची विश्वासार्हता मोजू नये. झालेली चूक कोणाला पकडता येते, आणि पकडणाऱ्याला आधी कोणाची परवानगी घ्यावी लागते का, हे पाहावे. या कसोटीवर नव्या कराराचा पाठ त्याच्या टीकाकारांना वाटतो त्यापेक्षा बराच भक्कम ठरतो. चर्चच्या शिकवणीचा निकाल इतका सरळ नाही.

पाठापासून सुरुवात करू. नव्या करारातल्या एकाही पुस्तकाची मूळ प्रत आज उरलेली नाही. सर्वांत जुना तुकडा म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात आहे. बर्नार्ड ग्रेनफेल याने तो 1920 मध्ये इजिप्तमध्ये विकत घेतला आणि सी. एच. रॉबर्ट्स याने 1935 मध्ये प्रसिद्ध केला. तळहातात मावेल एवढा पपायरसचा तो कपटा. दोन्ही बाजूंना सात-सात ओळींचे अवशेष आहेत आणि एकही ओळ पूर्ण नाही. मजकूर योहानाच्या अठराव्या अध्यायातला, पिलातापुढे येशूला उभे केले त्या प्रसंगाचा. अक्षराच्या वळणावरून तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला मानला गेला. अलीकडचे काही अभ्यासक मात्र अक्षराच्या वळणावर इतका नेमका काळ टांगू नये असे बजावतात आणि तो तिसऱ्या शतकापर्यंतही खाली येऊ शकेल म्हणतात. तेव्हा या कपट्यावर फार मोठी इमारत उभारणाऱ्यांपासून जरा जपूनच राहावे. खरा आधार एका तुकड्याचा नाहीच, तो संख्येचा आणि पांगापांगीचा आहे. ग्रीक भाषेतली साडेपाच हजारांहून अधिक हस्तलिखिते आज नोंदलेली आहेत. त्यांतली बहुसंख्य नवव्या शतकानंतरची, हे प्रचारक सहसा सांगत नाहीत. पण पौलाच्या पत्रांचा सुमारे 200 सालचा पपायरस आणि चौथ्या शतकातले सिनाई व व्हॅटिकन हे दोन मोठे ग्रंथही त्यांत आहेत. शिवाय लॅटिन, सिरियाक, कॉप्टिक भाषांतरे निराळी.

1707 मध्ये ऑक्सफर्डच्या जॉन मिल याने आपली ग्रीक आवृत्ती छापली आणि तिच्यात सुमारे 30 हजार पाठभेद नोंदवले. खळबळ उडाली. अँथनी कॉलिन्स या मुक्तविचारवाद्याने मुद्दा उचलला: ज्या ग्रंथाच्या शब्दांविषयी त्याचे पुजारीच इतके साशंक, त्याच्यावर धर्म कसा उभारायचा? त्याला 1713 मध्ये उत्तर दिले ते ग्रीक-लॅटिनचे पंडित रिचर्ड बेंटली यांनी. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. ज्या ग्रीक-रोमन लेखकाची एकच प्रत उरली आहे त्याला पाठभेद शून्य असतात, पण त्याचा पाठ सर्वांत नासका असतो, कारण चूक कुठे आहे ते दाखवणारा दुसरा साक्षीदार नसतो. प्रती वाढल्या की पाठभेद वाढतात, आणि त्याबरोबर मूळ पाठ शोधण्याची शक्यताही वाढते. या युक्तिवादाला आणखी एक जोड हवी. पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती मंडळ्या विखुरलेल्या होत्या, अधूनमधून छळल्या जात होत्या, आणि त्यांच्या हाती राजसत्ता नव्हती. सगळ्या प्रती गोळा करून एका साच्यात बसवील असे केंद्रच नव्हते. अलेक्झांड्रियाच्या लेखनिकाची चूक कार्थेजच्या प्रतीत आपोआप शिरत नव्हती. पाठ सुरक्षित राहिला तो कोणी राखला म्हणून नव्हे. तो कोणाच्याच एकट्याच्या ताब्यात नव्हता म्हणून राहिला.

मराठी श्रोत्यांना ही पद्धत परकी वाटू नये. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने 1919 मध्ये हाती घेतलेली आणि 1966 मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच शास्त्रावर उभी आहे. काश्मीरची शारदा प्रत आणि केरळची मल्याळम प्रत यांचा एकमेकींशी संबंध नसताना त्या एक बोलतात, तेव्हा तो पाठ जुना, हे विष्णु सीताराम सुखठणकरांचे मुख्य गमक होते. त्या कसोटीवर व्यासांचा लेखनिक गणपती आदिपर्वाच्या मूळ संहितेतून परिशिष्टात गेला. घरोघर सांगितली जाणारी कथा, पण हस्तलिखितांचा कौल तिच्याविरुद्ध. नव्या करारातही नेमके हेच झाले. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीला दगडमारापासून सोडवल्याचा प्रसंग बहुधा शुभवर्तमानांतला सर्वांत लोकप्रिय प्रसंग असेल. पण सर्वांत जुन्या योहान-प्रतींत तो नाही, आणि काही प्रतींत तर तो लूकच्या एकविसाव्या अध्यायानंतर येतो. जागा न सापडलेल्या पाहुण्यासारखा तो फिरत राहिला. मार्कच्या शेवटच्या बारा ओव्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही ग्रंथांत नाहीत. त्या ओव्यांत सर्प हातात धरण्याचे आणि विष पचवण्याचे अभिवचन आहे. अमेरिकेच्या ॲपलेशियन भागात त्यावर विसंबून उपासनेत विषारी साप हाताळणाऱ्या मंडळ्या आहेत आणि त्यापायी माणसे मेली आहेत. पाठचिकित्सा म्हणजे पंडितांचा विरंगुळा असे ज्यांना वाटते त्यांनी हे एकदा लक्षात घ्यावे.

आता एक जागा जवळून पाहू, कारण पाठ आणि चर्च यांची गाठ तिथेच पडते. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात साक्ष देणारे तिघे सांगितले आहेत: आत्मा, पाणी आणि रक्त. लॅटिन परंपरेत त्यांच्या शेजारी आणखी तिघे येऊन बसले: स्वर्गात साक्ष देणारे पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत असे विधान. त्रैक्याचा इतका उघड, इतका सोयीचा आधार साऱ्या बायबलमध्ये दुसरा नाही. इरॅस्मस या विद्वानाने 1516 मध्ये ग्रीक नवा करार छापला तेव्हा त्याला ग्रीक हस्तलिखितांत ही ओळ सापडली नाही, म्हणून त्याने ती घातली नाही. 1519 च्या आवृत्तीतही घातली नाही. इंग्लंडमधून आणि स्पेनमधून त्याच्यावर टीका झाली, पाखंडाचा वास येतो म्हणून बोलले गेले. मग ती ओळ असलेले एक ग्रीक हस्तलिखित पुढे आले. ते आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे आणि त्याच सोळाव्या शतकातले आहे. 1522 च्या तिसऱ्या आवृत्तीत इरॅस्मसने ओळ घातली, पण तिच्याविषयीचा संशय टिपांत लिहून ठेवला. ‘एक तरी प्रत दाखवा, मग छापतो’ अशी त्याने पैज लावली होती, ही कथा चवीने सांगितली जाते. तिला पुरावा नाही. इरॅस्मसच्या छापील परंपरेतून ओळ 1611 च्या इंग्रजी बायबलात गेली आणि तिथून जगभर पसरली. ग्रीक हस्तलिखितांत ती बोटांवर मोजण्याइतक्या, त्याही उशिराच्या प्रतींत आहे; काहींत नंतरच्या हाताने समासात लिहिलेली आहे. पण तिच्याविरुद्धचा सर्वांत बोलका पुरावा हस्तलिखितांचा नाही, मौनाचा आहे. चौथ्या शतकात, येशूला पित्याइतका देव न मानणाऱ्या आरियसशी जो प्रचंड वाद झाला, त्यात एका बाजूने अशा एका वचनासाठी जीव टाकला असता. तरीही ग्रीक धर्माचार्यांपैकी कोणीही ते पुढे केले नाही. त्यांना ते ठाऊकच नव्हते.

यावरून दोन उलट निष्कर्ष काढले जातात. टीकाकार म्हणतो, पाहा, त्रैक्य बनावट ओळीवर उभे आहे. पण वरचाच पुरावा त्याच्याविरुद्ध जातो: 325 ची नायसियाची आणि 381 ची कॉन्स्टँटिनोपलची परिषद हा सिद्धांत या ओळीशिवाय मांडून बसली होती. सिद्धांत पटो न पटो, तो या ओळीतून जन्मलेला नाही. ओळच सिद्धांतातून जन्मलेली आहे. श्रद्धावान म्हणतो, चूक सापडली ना, मग झाले. पण कोणाला सापडली आणि ती कबूल व्हायला किती वेळ लागला? 1897 मध्ये, म्हणजे इरॅस्मसनंतर पावणेचारशे वर्षांनी, रोमच्या धर्ममंडळाने ही ओळ अस्सल नाही असे निर्धोकपणे म्हणता येणार नाही असा निर्णय दिला. 1927 मध्ये त्याच मंडळाने स्पष्टीकरण करून अभ्यासकांना वाट मोकळी केली. 1979 च्या अधिकृत नव्या लॅटिन बायबलात ओळ नाही.

पाठ शुद्ध आहे म्हणजे घटना खरी, असे मात्र नाही. चुकीच्या हकिकतीचीही अचूक नक्कल होऊ शकते. लूक सांगतो की येशूचा जन्म क्विरीनियच्या शिरगणतीच्या वेळी झाला. मत्तय सांगतो की हेरोद राजा जिवंत असताना झाला. हेरोद वारला इसवी सनापूर्वी 4 मध्ये, आणि क्विरीनियची यहूदियातली शिरगणती इसवी सन 6 मधली. ही नऊ-दहा वर्षे बुजवण्यासाठी झालेल्या कसरती वाचल्या की मूळ अडचणीपेक्षा त्यांचाच थकवा येतो. यहूदा इस्कर्योताचा शेवट मत्तयात एका रीतीने आहे आणि प्रेषितांच्या कृत्यांत दुसऱ्या. मग सगळेच रचलेले म्हणावे काय? तसेही नाही. पिलाताच्या अमदानीत येशूला देहदंड झाला, हे रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो आणि त्याला ख्रिस्ती मंडळींविषयी काडीचे प्रेम नव्हते. पिलाताच्या नावाचा शिलालेख 1961 मध्ये कैसरियात सापडला. पौलाने करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र साधारण 55 सालचे; त्यात तो पुनरुत्थानाच्या साक्षीदारांची यादी देतो आणि ती आपल्याला आधीच्यांकडून मिळाली असे सांगतो. म्हणजे ही श्रद्धा शतकभराने वाढलेली दंतकथा नव्हे, तिचे वय वधस्तंभापासून फार तर दोन-अडीच दशके. इतिहासाची हद्द इथे संपते. एवढ्या लवकर एवढ्या लोकांची अशी खात्री होती, इतके तो सांगू शकतो. खात्री कशाने झाली याचा निवाडा त्याच्या हत्यारांनी होत नाही, आणि होतो असे दोन्ही पक्षांपैकी जो म्हणेल त्याने आपली हत्यारे दाखवावीत.

विसंगतींविषयी आणखी एक सांगितले पाहिजे, कारण ते चर्चच्या श्रेयाचे आहे. दुसऱ्या शतकात तातियान याने चारही शुभवर्तमाने एकत्र विणून एक सलग कथा तयार केली. विसंगती गेल्या, वाचन सोपे झाले. सिरियातल्या मंडळ्यांत ती बराच काळ उपासनेत चालली. पाचव्या शतकात थिओडोरेट नावाच्या बिशपने आपल्या प्रांतातल्या तिच्या 200 हून अधिक प्रती काढून घेतल्या आणि त्यांच्या जागी चार वेगळी शुभवर्तमाने ठेवली. पुस्तके काढून घेण्याची रीत मला मान्य नाही. पण चर्चने शेवटी निवडले ते गैरसोयीचे, एकमेकांशी न जुळणारे चार साक्षीदार. बनाव करणाऱ्यांनी नेमके उलटे केले असते.

हीच संस्था स्वतःच्या शब्दाच्या बाबतीत मात्र इतकी मोकळी राहिली नाही. 1546 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने व्हल्गेट हे लॅटिन भाषांतर प्रमाण ठरवले. प्रमाण म्हणजे कोणती प्रत? पोप सिक्स्टस पाचवे यांनी स्वतः बसून पाठ ठरवला आणि 1590 मध्ये आवृत्ती छापली. यापुढे यातला शब्द बदलायचा नाही असा हुकूम सोबत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोप वारले आणि कार्डिनलांनी आवृत्तीची विक्री थांबवली. तिच्यात इतक्या चुका होत्या की 1592 मध्ये क्लेमेंट आठव्यांच्या नावाने हजारो ठिकाणी बदललेली नवी आवृत्ती काढावी लागली. प्रस्तावनेत दोष छापखान्याच्या माथी मारला गेला. ती प्रस्तावना रॉबर्ट बेलार्माइन यांची. हेच बेलार्माइन 1615 मध्ये एका पत्रात लिहितात की पृथ्वी फिरते याचा खरा पुरावा मिळाला तर शास्त्रवचनांचा अर्थ आपल्याला कळला नव्हता असे म्हणणे बरे. तत्त्व उत्तम होते. पुढच्याच वर्षी कोपर्निकसचे मत शास्त्रविरोधी ठरवणारा निर्णय झाला, 1633 मध्ये गॅलिलिओला ते शपथेवर नाकारावे लागले, आणि सूर्यकेंद्री मत मांडणारी पुस्तके रोममध्ये छापायला मोकळीक मिळाली ती 1822 मध्ये. पाठात चूक शिरली तर दुसऱ्या शहरातली प्रत तिला खोटे पाडत होती. शिकवणीत चूक शिरली तेव्हा तिला खोटे पाडणारी प्रत बंदी घातलेल्या ग्रंथांच्या यादीत होती.

खगोलशास्त्रातली चूक त्या मानाने सौम्य. 1452 आणि 1455 मध्ये पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला दिलेल्या आज्ञापत्रांत अख्रिस्ती लोकांचे प्रदेश घेण्याची आणि त्यांना कायमचे गुलाम करण्याची मुभा होती. याच अधिकाराच्या छायेत पोर्तुगीज पूर्वेकडे आले. 1510 मध्ये गोवा घेतला, आणि 1560 पासून तिथे इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय बसले, ते मधली काही वर्षे वगळता 1812 पर्यंत टिकले. 1537 मध्ये पोप पॉल तिसरे यांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावू नये असे लिहिले, हेही खरे आणि ते सांगितलेच पाहिजे. पण 1832 मध्ये पोप ग्रेगरी सोळावे सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य ही कल्पनाच निरर्थक ठरवतात, आणि 7 डिसेंबर 1965 रोजी दुसरी व्हॅटिकन परिषद धर्मस्वातंत्र्य हा मानवी प्रतिष्ठेतून येणारा हक्क म्हणून जाहीर करते. या दोन विधानांचा मेळ घालणारे विद्वान आहेत. कार्डिनल न्यूमन यांच्या 1845 च्या ग्रंथातला आधार ते घेतात: सिद्धांत उलटत नाही, तो वाढतो. त्रैक्याच्या बाबतीत हे मला पटते. पहिल्या शतकातल्या बीजाचा चौथ्या शतकात विस्तार झाला असे म्हणता येते. पण ‘हा हक्क नाही’ यातून ‘हा हक्क आहे’ असे वाढून निघत नाही. तिथे शिकवण बदलली, चांगल्यासाठी बदलली, आणि तसे सरळ म्हटले असते तर संस्थेची पत वाढलीच असती.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा की यांतले काहीही अस्खलनशील शिकवणीत मोडत नाही. 1870 च्या व्याख्येप्रमाणे पोप विशिष्ट अटींखाली, श्रद्धा आणि नीती यांविषयी, साऱ्या चर्चसाठी बोलतात तेव्हाच ते चुकत नाहीत. त्या व्याख्येनंतर असा अधिकार उघडपणे वापरला गेला तो एकदाच, 1950 मध्ये, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या बाबतीत. 30 मार्च 2023 रोजी व्हॅटिकनने पंधराव्या शतकातल्या त्या आज्ञापत्रांवर रचलेला सिद्धांत नाकारला, तेव्हाही ती आज्ञापत्रे कधीच कॅथलिक श्रद्धेची अभिव्यक्ती नव्हती असेच म्हटले. तर्काच्या दृष्टीने हे उत्तर बिनचूक आहे. अडचण एवढीच की ते नेहमी मागाहून मिळते. 1455 मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पकडल्या गेलेल्या माणसाला, किंवा 1633 मध्ये गुडघे टेकून बसलेल्या वृद्धाला, हे बंधनकारक आहे आणि हे नाही अशी यादी कोणी दिली नव्हती. ज्या हमीची व्याप्ती चूक उघड झाल्यावरच कळते, ती हमी विश्वास ठेवणाऱ्याच्या फारशी उपयोगाची नाही.

पोप नको, फक्त शास्त्र पुरे, असे म्हणून यातून सुटका होते का? अमेरिकेतले दक्षिणी बाप्तिस्त 1845 मध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावरून वेगळे निघाले ते बायबल हातात घेऊनच. माफी मागितली 1995 मध्ये. अर्थ लावणाऱ्या व्यासपीठाला उलट प्रश्न विचारणारा कोणी नसेल तर ते रोममध्ये असो वा अमेरिकेतल्या जॉर्जियात, फरक पडत नाही. असे उलट प्रश्न विचारणाऱ्यांत एक मराठी बाई होती. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि लगेचच तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन व शिक्षिका डोरोथिया बील यांच्याशी पत्रव्यवहारात वाद मांडला: त्रैक्याचे हे सूत्र शास्त्रात कुठे आहे, आणि चर्चचे म्हणणे चर्च म्हणते म्हणून मी का मानावे? एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान देणार नाही, अशा आशयाचे त्या 1885 मध्ये लिहितात. सिस्टरांना यात गर्व दिसला. मला यात पाठचिकित्सकाची वृत्ती दिसते. रमाबाई श्रद्धा सोडून गेल्या नाहीत. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि केडगावच्या मुक्ती सदनात बसून साऱ्या बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून माझा निवाडा असा. नवा करार वाचताना आपण पहिल्या शतकातल्या लेखकांचेच शब्द वाचतो आहोत, हे बहुतांश ठिकाणी निःशंकपणे धरून चालावे. जिथे शंका आहे त्या जागा ठाऊक आहेत. त्यांनी सांगितलेला इतिहास इतर कोणत्याही प्राचीन साधनाप्रमाणे प्रसंगागणिक तपासावा. चर्चच्या शब्दाला मान द्यावा तो त्याच्यामागचे कारण आणि पुरावा मागण्याची मुभा असेल तितकाच. आणि एक विनंती. पुण्यात भांडारकर संस्था आहे, पेपल सेमिनरी आहे, युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. हस्तलिखितांची साक्ष, महत्त्वाचे पाठभेद आणि वादग्रस्त ओव्यांवरच्या सविस्तर टिपा असलेला नवा करार मराठी वाचकाच्या हाती सहज पडेल, एवढे काम या तिघांनी एकत्र बसून करावे. संस्कृत पाठचिकित्सा आणि ग्रीक पाठचिकित्सा जाणणारी माणसे एका टेबलाशी बसतील असे शहर भारतात दुसरे शोधावे लागेल.